रिकामा ट्रॅक

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे, म्हणून पूर्ण वाचा.

२००५ ची गोष्ट. पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा संपवून मी गावी परतलो होतो आणि एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. पुण्याच्या खोलीतल्या मित्राने निघताना एक डीव्हीडी हातात ठेवली होती, ‘सिटिझन केन’. वर्गात सरांनी या चित्रपटाबद्दल इतकं सांगितलं होतं की न बघताच तो पाठ झाल्यासारखा वाटायचा. एका दुपारी लाईट होती, घरात कुणी नव्हतं, म्हटलं बघून टाकू.

इंग्रजी उच्चार कळेनात, म्हणून खाली अक्षरं यावीत या आशेने रिमोटची बटणं दाबत होतो. त्यात कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पात्रांचे आवाज बारीक झाले. त्यांच्यावर एक अनोळखी माणूस बोलायला लागला. थांबेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हा आपला बोलतोय. मला वाटलं डिस्क डुप्लिकेट आहे, थिएटरात कॅमेरा लपवून शूटिंग केलंय आणि शेजारचा माणूस बडबडतोय. संध्याकाळी चौकातल्या सीडी लायब्ररीवाल्याला दाखवली. त्याने प्लेअरमध्ये घालून ऐकली आणि निकाल दिला, “साहेब, हिच्यात दुसऱ्या पिक्चरचा आवाज मिक्स झालाय. फेकून द्या.”

फेकली नाही, हे नशीब. रात्री परत लावली आणि कान देऊन ऐकलं. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण एका ठिकाणी तो माणूस खोलीच्या छताबद्दल बोलत होता. त्या काळी स्टुडिओतल्या सेटला सहसा छत नसायचं, कारण वर दिवे आणि माइक टांगलेले असत. या चित्रपटात मात्र कॅमेरा खालून वर बघतो आणि छत दिसतं. ते छत कापडाचं होतं! पातळ मलमल ताणून लावलेली, आणि माइक तिच्या वर लपवलेले. मी मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा पाहिला. आधी छत दिसलंच नव्हतं. आता छताशिवाय दुसरं काही दिसेना.

तो बोलणारा माणूस होता रॉजर ईबर्ट, शिकागोचा चित्रपट समीक्षक. आणि तो जे करत होता त्याला म्हणतात ऑडिओ कॉमेंटरी. चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू राहतो आणि जाणकार माणूस, किंवा खुद्द दिग्दर्शक, त्यावर बोलत राहतो. आज या प्रकाराचा इतिहास सांगायचा आहे. वरवर शौकीन लोकांचा विषय वाटेल, पण त्यात आपल्या गावाची एक गोष्ट अडकलेली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

टीका म्हणजे शिव्या नव्हेत

हल्ली ‘टीका’ म्हटलं की लोकांना भांडण आठवतं. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. सातशे श्लोक, त्यांवर नऊ हजारांवर ओव्या. मूळ ग्रंथ समोर ठेवायचा आणि ओळीओळीला थांबून तो उलगडत जायचा, ही आपल्याकडची फार जुनी रीत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात, तीही त्यातलीच. आणि रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकलेली पिढी अजून आपल्यात आहे.

म्हणून मी या प्रकाराला चित्रपटाचं समालोचन म्हणतो. फरक एवढाच की क्रिकेटचा समालोचक न दिसणारं मैदान डोळ्यांसमोर उभं करतो. इथे चित्र समोर दिसतच असतं. बोलणारा त्यामागचं सांगतो.

मूकपटांच्या काळात जपानमध्ये हा रीतसर धंदाच होता. पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणाऱ्या, सगळ्या पात्रांचे संवाद म्हणणाऱ्या माणसाला ‘बेन्शी’ म्हणत. नामवंत बेन्शीचं नाव ऐकून लोक तिकीट काढायचे. बोलपट आले आणि त्यांची भाकरी गेली. अकिरा कुरोसावा या मोठ्या दिग्दर्शकाचा थोरला भाऊ हेइगो बेन्शी होता. काम गेलं, संप फसला आणि १९३३ साली त्याने आत्महत्या केली. चित्रपटाला स्वतःचा आवाज मिळाला, पण शेजारी उभं राहून बोलणारा माणूस गेला. तो परत यायला पन्नास वर्षं लागली, आणि आला तो अमेरिकेत.

दुसरा ट्रॅक मोकळा होता म्हणून

साल १९८४. अमेरिकेत रॉबर्ट स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्रायटेरियन कलेक्शन’ नावाची कंपनी काढली. जुने, चांगले चित्रपट उत्तम प्रतीवरून लेझरडिस्कवर आणायचे, हा उद्योग.

लेझरडिस्क म्हणजे काय, ते तरुणांसाठी सांगतो. जुन्या एलपी रेकॉर्डएवढी, बारा इंचांची चकचकीत तबकडी. अमेरिकेत ती १९७८ च्या डिसेंबरात विक्रीला आली. व्हिडिओ कॅसेटपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ. पण महाग, आणि घरी तिच्यावर रेकॉर्डिंग करता येत नसे. त्यामुळे ती चित्रपटवेड्यांपुरतीच राहिली. तिच्यावर आवाजाचे दोन ट्रॅक असत, स्टिरिओसाठी एक डावा, एक उजवा.

कंपनीने पहिली डिस्क काढली ‘सिटिझन केन’ची आणि दुसरी १९३३ च्या ‘किंग काँग’ची. जुन्या चित्रपटांचा आवाज एकेरी. त्यांना एकच ट्रॅक पुरतो. दुसरा रिकामा.

‘किंग काँग’ची फिल्म डिस्कसाठी उतरवून घेण्याचं काम चाललं होतं. लॉस एंजेलिसच्या काउंटी कलासंग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळणारे रोनाल्ड हेव्हर तिथे होते. ‘किंग काँग’ बनला तेव्हा त्या स्टुडिओचा कारभार डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्याकडे होता, आणि हेव्हर यांनी सेल्झनिकवर मोठा ग्रंथ लिहिला होता. साहजिकच काम चालू असताना ते एकेका दृश्यामागचे किस्से सांगत होते. ऐकणारे रंगून गेले. स्टाइन यांनी पुढे स्वतः सांगितलंय की तेव्हाच त्यांच्या मनात आलं, हे सगळं त्या मोकळ्या ट्रॅकवर का टाकू नये?

बस्स, एवढंच. ना बैठक, ना धोरण. एक ट्रॅक रिकामा होता आणि एका माणसाला सांगण्यासारखं माहीत होतं.

‘किंग काँग’मध्ये सांगण्यासारखं होतंही खूप. पडद्यावरचा तो अक्राळविक्राळ वानर म्हणजे साधारण दीड फूट उंचीचा बाहुला. आत धातूचा सांगाडा, वर सशाची फर. विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी तो बाहुला कणभर हलवायचे, एक फ्रेम घ्यायचे, परत कणभर हलवायचे. नीट बघितलं तर काँगच्या अंगावरची लव सारखी थरथरते. वाऱ्याने नव्हे, हलवणाऱ्यांच्या बोटांनी! १९३८ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना सेन्सॉरपायी काही दृश्यं कापली गेली. ती पुष्कळ वर्षांनी सापडली आणि परत जोडली गेली. हे सगळं पुस्तकात वाचता येतं. पण ते दृश्य समोर असताना, त्याच सेकंदाला कानात ऐकणं वेगळं.

आता यातली चुटपुट लावणारी गोष्ट. १९८४ साली ‘किंग काँग’चे बहुतेक कर्ते गेलेले होते. ओब्रायन १९६२ मध्ये, संगीतकार मॅक्स स्टायनर १९७१ मध्ये, दोन दिग्दर्शकांपैकी मेरियन कूपर १९७३ मध्ये आणि अर्नेस्ट शोडसॅक १९७९ मध्ये. म्हणून अभ्यासक बोलला. पण ‘सिटिझन केन’चा कर्ता ऑर्सन वेल्स तेव्हा हयात होता, त्याच लॉस एंजेलिस शहरात. १० ऑक्टोबर १९८५ ला तो गेला. जगातल्या सर्वात जास्त चर्चा झालेल्या चित्रपटावर त्याच्या दिग्दर्शकाचं समालोचन नाही, आणि आता होणारही नाही. मधे फार तर वर्षभराचा वेळ होता.

याच्या उलटही झालं. २००५ मध्ये ‘किंग काँग’ डीव्हीडीवर आला तेव्हा त्याच्या समालोचनात रे हॅरीहाउझेन आणि केन रॅल्स्टन या तंत्रज्ञांबरोबर कूपरचा आवाज आहे आणि नायिका फे रे हिचाही. कूपरला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती, फे रे आदल्याच वर्षी गेली होती. मग आवाज कुठून आला? ते जिवंत असताना कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांना बोलतं केलं होतं. तेव्हा डीव्हीडी नव्हती, कुणाला काही उपयोगही दिसत नसेल. पण टेप जपून ठेवली गेली आणि जागा निघाली तेव्हा कामी आली.

बोलणारे आणि न बोलणारे

हेव्हरनंतर वाट मोकळी झाली. १९८८ मध्ये कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’वर मायकेल जेक हा अभ्यासक बोलला. चित्रपट जवळपास साडेतीन तासांचा, बोलणारा एकटा. साडेतीन तास! आपल्याकडे साहित्य संमेलनात अर्ध्या तासाचं भाषण लांबलं की लोक चहाला उठतात. मार्टिन स्कॉर्सेसी ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘रेजिंग बुल’वर बोलले आणि दिग्दर्शकाने स्वतःच्या कामावर बोलण्याचा पायंडा पडला.

मोकळं बोललं की अंगाशी येतं, हे पत्रकाराला सांगायला नको. १९९१ मध्ये पहिल्या तीन जेम्स बाँड चित्रपटांच्या डिस्क आल्या. ते चित्रपट बनवणाऱ्या मंडळींनी समालोचनात मोकळेपणाने आठवणी सांगितल्या होत्या. त्या निर्मितीसंस्थेला रुचल्या नाहीत. डिस्क बाजारातून मागे घेतल्या गेल्या आणि समालोचन वगळून पुन्हा काढल्या. ज्यांच्याकडे पहिल्या प्रती राहिल्या, ते त्या खजिन्यासारख्या सांभाळून आहेत. पुढे स्टुडिओ शहाणे झाले. डिस्क सुरू होण्याआधी सूचना यायला लागली की ही मतं बोलणाऱ्याची आहेत, कंपनीची नव्हेत. आपल्या पेपरात नाही का छापत, ‘लेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’. तेच.

तरीही काही माणसं बोलली. ‘द लाइमी’ या १९९९ च्या चित्रपटावर दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि पटकथाकार लेम डॉब्स एकत्र बोलायला बसले. डॉब्स जवळपास पूर्ण वेळ तक्रार करतोय. माझ्या पात्रांचा पूर्वेतिहास का कापलास, माझी पटकथा का बदललीस. सोडरबर्ग ऐकून घेतो, उत्तर देतो, मधूनच मान्यही करतो. आणि हे भांडण त्याने डिस्कवर तसंच राहू दिलं. बातमी कापून छापलेला कुठलाही वार्ताहर हे ऐकेल तर त्याचा ऊर भरून येईल. ‘गॉडफादर’वर फ्रान्सिस फोर्ड कोपोला बोलतो तेव्हा थोरवी कमी आणि भीती जास्त सांगतो. शूटिंग चालू असताना आज काढतात की उद्या काढतात, अशी त्याची अवस्था होती. त्या माणसाच्या पोटात तेव्हा गोळा होता हे कळल्यावर चित्रपट तोच राहत नाही.

स्टीव्हन स्पीलबर्ग आणि वुडी ॲलन मात्र स्वतःच्या चित्रपटांवर असं बोलणं टाळत आले. चित्रपटानेच बोलावं, मी मधे कशाला, असा त्यामागचा विचार. तोही पटण्यासारखा आहे. जादूगाराने बाही उलटी करून दाखवावी की नाही, हा वाद न संपणारा.

१९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि एका डिस्कवर आवाजाचे आठ ट्रॅक ठेवता येऊ लागले. मग पूरच आला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लांब आवृत्तीत प्रत्येक चित्रपटावर चार-चार समालोचनं आहेत. लेखक-दिग्दर्शकांचं एक, सेट आणि पोशाखवाल्यांचं एक, निर्मिती आणि संकलनवाल्यांचं एक, नटांचं एक. तलवारी घडवणारा आणि चिलखतांच्या कड्या जोडणारा माणूसही बोलण्याच्या लायकीचा मानला गेला, हे मला फार आवडलं.

अर्थात पुराबरोबर गाळही आला. पुष्कळ समालोचनं रटाळ आहेत. नट एकमेकांची स्तुती करतात, दिग्दर्शक पडद्यावर जे दिसतंय तेच सांगतो, मधेच पाच मिनिटं कुणी बोलतच नाही. पण दहातलं एक लागतं, आणि त्या एकासाठी उरलेली नऊ सोसायची तयारी होते.

ईबर्टचा आवाज

परत ईबर्टकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासातली मला सर्वात हलवून गेलेली गोष्ट त्याची आहे.

ईबर्ट समालोचनासाठी कित्येक वर्षं तयारी करत होता म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या बोल्डर गावी एका वार्षिक परिषदेत तो सभागृहात चित्रपट लावायचा, आणि अंधारात बसलेल्यांपैकी कुणीही “थांबवा!” असं ओरडू शकायचं. चित्रपट थांबायचा, त्या दृश्यावर चर्चा व्हायची, मग पुढे. एक चित्रपट कित्येक दिवस चालायचा. त्या अभ्यासातून ‘सिटिझन केन’चं समालोचन आलं, ‘कॅसाब्लांका’चं आलं.

पुढे त्याला कर्करोग झाला. २००६ च्या शस्त्रक्रियांनंतर त्याची वाचा कायमची गेली. लिहून आणि संगणकाच्या ठरावीक यांत्रिक आवाजातून तो बोलायचा. मग स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या ‘सेरेप्रॉक’ कंपनीने त्याच्यासाठी त्याचाच आवाज संगणकावर बांधायचं ठरवलं. त्यासाठी त्याच्या बोलण्याचे स्वच्छ, मागे गोंगाट नसलेले तासन्‌तासांचे नमुने हवे होते. ते मिळाले त्याच्या डीव्हीडी समालोचनांत! २०१० च्या मार्चमध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने तो आवाज ऐकवला तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोचे डोळे भरून आले. ४ एप्रिल २०१३ ला ईबर्ट गेला.

माझ्या त्या ‘मिक्स झालेल्या’ डिस्कवर जो आवाज होता, तोच. सीडीवाला म्हणाला होता, फेकून द्या.

आपल्याकडे का नाही?

हिंदीत असे काही तुरळक प्रयत्न झाले. मराठी डिस्कवर समालोचन असलेलं माझ्या हाती आजवर एकदाही लागलं नाही.

एक कारण तांत्रिक. आपल्या गावागावांत डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी पोचली आणि मुक्कामाला राहिली. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणून एक पिक्चर दोन-तीन डिस्कवर यायचा. तिथे डीव्हीडीसारखं ट्रॅक बदलण्याचं सुख कुठलं. दुसरं कारण बाजाराचं. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. ग्राहकाचं भलं झालं, मीही पिशवी भरून घेतल्या. पण सगळी चढाओढ किमतीची झाली. त्या किमतीत कोण दिग्दर्शकाला स्टुडिओत बसवून तीन तास बोलायला लावणार?

तिसरं कारण मात्र आपलं स्वतःचं आहे. आपल्याला आपल्या कामाची नोंद ठेवायची सवय नाही.

सुरुवात तशी नव्हती हो. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये, चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपट काढला. त्याचे तुकडे आजही आहेत, आणि त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या धडपडीवर लेखमालाही लिहिली. म्हणजे ज्याने आपल्याला चित्रपट दिला, त्यानेच त्यामागचं सांगण्याची वाटही घालून दिली होती. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची मात्र पूर्ण प्रत उरली नाही. पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाती आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि ते उभं करणारे पी. के. नायर नसते तर तेही दिसलं नसतं.

फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले नव्वदीत असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. बाई काय बोलतात त्यात! ठसका, मिश्किलपणा, सगळं आहे. कुणीतरी वेळेत पोचलं म्हणून ते आज आहे.

आणि कुठे पोचलो नाही, त्याची यादी करायला बसलो तर रडू येईल. एकच सांगतो. ‘सामना’. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले आणि समोर मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. ऊसपट्ट्यातल्या राजकारणाचा याहून सच्चा दस्तऐवज मी तरी पाहिलेला नाही. कल्पना करा, फुले आणि लागू शेजारी बसून तो चित्रपट बघताहेत आणि बोलताहेत. हे कुठे शूट केलं, कारखान्यातल्या मंडळींना विषय कळला होता का, कुठला पुढारी चिडला. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, निळूभाऊ २००९ मध्ये, डॉक्टर २०१९ मध्ये. डीव्हीडीचा काळ आपल्याकडे होता, हे तिघेही होते. ट्रॅक रिकामा होता. कुणी विचारलंच नाही.

आता तर ट्रॅकच ट्रॅक

डिस्कचा जमाना संपला. पोस्टाने डिस्क भाड्याने देऊन मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटच्या डिस्क पाठवल्या आणि ते खातं बंद केलं. समालोचनं स्ट्रीमिंगवर फारशी आली नाहीत. क्रायटेरियनची २०१९ पासूनची स्वतःची वाहिनी ती दाखवते, पण ती अमेरिका आणि कॅनडापुरती.

यातली गंमत बघा. मोबाइलवर कुठलाही मोठा चित्रपट लावा आणि आवाजाची यादी उघडा. हिंदी, तमिळ, तेलुगू, स्पॅनिश, पोर्तुगीज, ओळीने ट्रॅक. १९८४ मध्ये एकुलता एक मोकळा ट्रॅक सापडला तर त्यावर इतिहास बोलता केला गेला. आज ट्रॅकना तोटा नाही, फक्त बोलणाऱ्याला कुणी बोलावत नाही.

ऑपरेटर अप्पा

आता आपल्या गावाची गोष्ट.

एसटी स्टँडमागच्या टॉकीजचे ऑपरेटर अप्पा जुन्या लोकांना आठवत असतील. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. २०१६ मध्ये आमच्या पेपरच्या वर्धापनदिन पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी घरी गेलो. टीव्हीवर ‘पिंजरा’ लागला होता. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले. थांबेचनात.

“हे बघ, आता कोपऱ्यात ठिपका येईल. उजवीकडे वर. आला! आता दुसरं मशीन चालू करायचं. दुसरा ठिपका आला की पडदा तिकडे. मधे अंधार झाला तर पब्लिक शिट्ट्या मारायचं.” पेटी एसटीने यायची, गाडी चुकली तर खेळ उशिरा. एकदा पावसात पेटी भिजली आणि रिळं घरात दोरीवर वाळवली. ‘पिंजरा’ला आसपासच्या वाड्यांवरून बैलगाड्या आल्या होत्या आणि बायकांच्या बाजूला जागा पुरेना म्हणून सतरंज्या अंथरल्या. कुठल्या गाण्याला पैसे उडायचे, कुठल्या प्रसंगाला बायका पदर डोळ्याला लावायच्या, कार्बनच्या धुराने रात्री खोकला कसा यायचा. सगळं त्या-त्या दृश्याला, अगदी त्याच क्षणी.

आतून सूनबाई म्हणाल्या, “अप्पा, गप्प बसा की जरा, काही ऐकू येत नाही.” अप्पा ओशाळून गप्प झाले. मीही हसलो. सूनबाईंना दोष देत नाही, आपल्या सगळ्यांच्या घरी हेच चालतं. पण मला तरी कळायला हवं होतं. मी २००५ पासून असली समालोचनं ऐकणारा माणूस. खिशात रेकॉर्डिंग होणारा मोबाइल होता. तो काढला तो फक्त फोटोसाठी. तीनशे शब्दांचा मजकूर दिला, त्यातले दोनशे छापून आले. ‘जुन्या आठवणींना उजाळा’ असं शीर्षक.

२०२१ मध्ये अप्पा गेले. त्यांनी सांगितलेलं वर जे लिहिलंय, तेवढंच माझ्याकडे आहे. सांगितलं त्याच्या दहावा हिस्साही नसेल. बाकी त्या दुपारी हवेत विरून गेलं, आणि मी समोर बसलो होतो.

तर काम असं आहे

२००२ मध्ये ईबर्टनेच एका मासिकात सुचवलं होतं की समालोचन करायला कंपनी कशाला हवी? घरी चित्रपट लावा, आपलं बोलणं वेगळं रेकॉर्ड करा आणि सांगा की चित्रपट इथून सुरू केल्यावर हे लावा. ज्याला ऐकायचं तो दोन्ही सोबत लावील. पुढे पुष्कळांनी तसं केलंही.

गेल्या दिवाळीपासून मी तेच करतोय. तीन माणसांची रेकॉर्डिंग झाली आहेत. चित्रपटच असायला हवा असं नाही. एकांसोबत चित्रपट पाहिला, एकांसोबत त्यांच्या मुलीच्या १९९४ च्या लग्नाची कॅसेट पाहिली. त्या कॅसेटमध्ये मागे जुनी बाजारपेठ दिसते, रस्तारुंदीत गेलेली. काका एकेक दुकान नावाने सांगत गेले. नगरपालिकेच्या कुठल्याही फायलीत ती यादी तशी मिळणार नाही.

पद्धत सोपी आहे. लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर चित्र लावा, आवाज बारीक. मोबाइल माणसाजवळ ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि सुरुवातीला तारीख, नाव आणि चित्र कुठून सुरू केलं ते मोठ्याने सांगा. मग आपण गप्प बसा. प्रश्न कमी विचारा, आठवण चित्रानेच येते. फाइल दोन ठिकाणी ठेवा, मोबाइल पाण्यात पडतो. चित्रपटाचा मूळ आवाज किंवा चित्र कुणाला वाटू नका, हक्क दुसऱ्याचे असतात. माणसाचं बोलणं त्यांना विचारून ठेवा.

एवढं जमत नसेल तर निदान एक करा. आज रात्री टीव्हीवर जुना पिक्चर लागला आणि घरातलं म्हातारं माणूस मधेच बोलायला लागलं, तर त्यांना गप्प करू नका. आवाज बारीक करा. टीव्हीचा.